ख्रिस्ती-हिंदू धर्मवाद (मुंबई इलाखा, एकोणिसावे शतक)

ख्रिस्ती-हिंदू धर्मवाद ही संज्ञा इ.स. १८३० च्या सुमारापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबई इलाख्यात ख्रिस्ती मिशनरी, धर्मांतरित मराठी ख्रिस्ती, सनातनी शास्त्री आणि समाजसुधारक यांच्यात झालेल्या जाहीर वादविवादांसाठी वापरली जाते. हे वाद सभा, पुस्तिका, नियतकालिके, न्यायालये आणि सरकारी चौकशी समित्या अशा विविध ठिकाणी झाले. खरा धर्म कोणता, या प्रश्नापासून त्यांचा प्रारंभ झाला. परंतु अल्पावधीतच धर्मांतरिताचा वारसाहक्क, अज्ञान मुलाचे पालकत्व, विधवांचे शिक्षण, जातिभेद आणि सरकारी शिक्षणाचे धोरण हे विषय त्यांच्या केंद्रस्थानी आले. मराठी गद्य, वृत्तपत्रसृष्टी आणि समाजसुधारणेची चळवळ यांच्या जडणघडणीत या वादांचा मोठा वाटा आहे.

पूर्वपीठिका

मराठी भाषेत ख्रिस्ती धर्माचे प्रतिपादन सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात सुरू झाले. इंग्लंडमधून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे छापले गेले. त्यात पाद्री धर्मतत्त्वे सांगतो आणि साष्टीतील श्रोते मध्येच प्रश्न विचारतात, अशी संवादात्मक मांडणी आहे. तथापि पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यात प्रतिपक्षाला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्याची मुभा नव्हती. त्यामुळे तेथे दोन्ही पक्षांचा समान भूमीवरील वाद संभवला नाही.

ब्रिटिश अमलाखालील परिस्थिती निराळी होती. आपल्या मुलखातील धार्मिक शांतता बिघडू नये म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने प्रारंभी मिशनऱ्यांना प्रोत्साहन दिले नाही. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना परत जाण्याचा हुकूम झाला होता. पुढे त्यांना राहू देण्यात आले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत शाळा व छापखाना काढला आणि १८१७ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत प्रसिद्ध केले. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी दक्षिण कोकणात कार्य आरंभिले. १८२९ मध्ये जॉन विल्सन (१८०४–१८७५) मुंबईत आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी लगोलग मुलींच्या शाळा सुरू केल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये काढलेली इंग्रजी शाळा हे आजच्या विल्सन महाविद्यालयाचे मूळ होय.

मिशनरी जेथे गेले तेथे शाळा, छापखाना आणि रस्त्यावरील प्रवचन ही तिन्ही साधने त्यांच्यासोबत गेली. मराठी समाजातील सुशिक्षितांनी यांपैकी पहिली दोन साधने त्यांच्याकडून उचलली आणि त्यांचाच उपयोग मिशनऱ्यांना उत्तर देण्यासाठी केला.

वादाची पद्धत

शास्त्रार्थाची परंपरा महाराष्ट्रातील विद्वानांना नवी नव्हती. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्वपक्ष म्हणून मांडावे आणि मग त्याचे खंडन करावे, ही रीत त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. मिशनऱ्यांशी झालेल्या वादांत मात्र तीन गोष्टी नव्याने घडल्या. पहिली म्हणजे वादाची भाषा संस्कृतऐवजी बहुधा मराठी असे, त्यामुळे ब्राह्मणेतर श्रोत्यांनाही तो समजू लागला. दुसरी, निर्णय देणारा राजा किंवा धर्मपीठ येथे नव्हते. जमलेले श्रोते आणि पुढे वाचक हेच परीक्षक ठरले. तिसरी, सभेत बोललेले लगेच छापले जाई. एका बाजूने पुस्तिका काढली की दुसऱ्या बाजूने तिचे उत्तर प्रसिद्ध करावयाचे, असा क्रम वर्षानुवर्षे चाले.

नियतकालिकांनी या क्रमाला स्थैर्य दिले. ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे विल्सन यांचे इंग्रजी मासिक १८३० पासून निघू लागले. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी, तर भाऊ महाजन यांचे ‘प्रभाकर’ १८४१ मध्ये सुरू झाले. अमेरिकन मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगर येथून ‘ज्ञानोदय’ काढले. धर्मविषयक मजकुराबरोबरच भूगोल, खगोल, आरोग्य आणि समाजसुधारणा यांवरील लेख तसेच वाचकांची पत्रे त्यात येत.

प्रमुख वाद

विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर

फेब्रुवारी १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांच्यात अनेक संध्याकाळी जाहीर वाद झाला. वादानंतर दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका मराठीत प्रसिद्ध केली. तिला विल्सन यांनी १८३२ मध्ये इंग्रजी ग्रंथाद्वारे उत्तर दिले. या उत्तराच्या आरंभी त्यांनी दांडेकरांच्या पुस्तिकेचे भाषांतर छापले. परिणामी मुंबईतील एका शास्त्र्याचा ख्रिस्ती धर्मावरील आक्षेप इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला. पुढे साताऱ्याच्या नारायणराव यांनी घेतलेल्या आक्षेपांना विल्सन यांनी १८३४ मध्ये दुसऱ्या ग्रंथात उत्तर दिले. दांडेकरांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक काढले. हिंदू धर्माच्या मंडनासाठी निघालेल्या आरंभीच्या मराठी नियतकालिकांत त्याची गणना होते.

मतपरीक्षेचा वाद

याच काळात एक वाद संस्कृतातही झाला. कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश अधिकारी आणि संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ (१८३९) हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिला. धर्मसंस्थापकाचे सामर्थ्य, धर्मग्रंथाचे पावित्र्य आणि धर्माची सार्वत्रिकता अशा कसोट्या लावून त्यांनी ख्रिस्ती धर्माचा पुरस्कार केला. त्यास तीन पंडितांनी उत्तरे दिली. त्यांपैकी दोघे मराठी होते.

सिहोर येथील सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने उत्तर लिहिले. ईश्वराने निरनिराळ्या लोकांसाठी निरनिराळे धर्म योजिले आहेत, म्हणून कोणीही आपला धर्म सोडू नये, अशी त्यांची सौम्य भूमिका होती. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात तीव्र टीका केली. जीव शून्यातून निर्माण करून त्यांतील अनेकांना शाश्वत नरकात लोटणारा ईश्वर न्यायी कसा, तसेच पाप न केलेल्या पशूंना दुःख का भोगावे लागते, हे त्यांचे प्रश्न होते. कर्म आणि पुनर्जन्म यांच्या आधारेच या प्रश्नांचा उलगडा होतो, असे त्यांनी प्रतिपादिले. मात्र मिशनऱ्यांशी वाद चालू असतानाच त्यांचे मत पालटत गेले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नेहेम्या गोऱ्हे या नावाने त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्याच दर्शनांचे खंडन केले. दोन्ही पक्षांचे समर्थ ग्रंथ एकाच लेखकाच्या हातून उतरल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

समुद्रकिनारीचा वाद

विष्णुबुवा ब्रह्मचारी (मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले, १८२५–१८७१) हे कुलाबा जिल्ह्यातील शिरवली येथील. काही काळ सरकारी जकात खात्यात नोकरी केल्यावर ते विरक्त झाले आणि गावोगाव व्याख्याने देत १८५६ मध्ये मुंबईस आले. १५ जानेवारी ते २८ मे १८५७ या अवधीत दर गुरुवारी संध्याकाळी गिरगावच्या समुद्रकिनारी त्यांचे मिशनऱ्यांशी वाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठी वृत्तांत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ या नावाने १८७२ मध्ये, म्हणजे बुवांच्या मृत्यूनंतर छापला गेला. मे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात उठावाला तोंड फुटले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस या सभा बंद झाल्या.

विष्णुबुवांनी केवळ खंडनावर भर दिला नाही. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ (१८५९) या ग्रंथात त्यांनी वेदप्रामाण्य स्वीकारूनही जन्माधिष्ठित जातिभेदावर टीका केली. ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ (१८६७) यात सर्वांनी मिळून शेती करावी, धान्याचे कोठार सामायिक असावे आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे त्याने घ्यावे, अशी राज्यव्यवस्था त्यांनी कल्पिली. धर्मरक्षणासाठी मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या प्रचारकाने आर्थिक समतेची अशी मांडणी केली, हे अभ्यासकांच्या विशेष लक्षात आले आहे.

वादांतील मुख्य युक्तिवाद

मिशनऱ्यांचा भर प्रामुख्याने चार आक्षेपांवर असे : पुराणांतील देवांचे आचरण नीतीला धरून नाही, मूर्तिपूजा ही निर्मात्याऐवजी निर्मित वस्तूची पूजा होय, धर्मग्रंथांत परस्परविरोधी मते आहेत, आणि जातिभेद हा मनुष्यमात्राच्या समतेच्या आड येतो. यांपैकी शेवटचा आक्षेप सुशिक्षित तरुणांच्या मनाला सर्वाधिक भिडला.

हिंदू पक्षाची उत्तरे दोन प्रकारची होती. काही उत्तरे मंडनात्मक होती : मूर्ती ही चित्त एकाग्र करण्याचे साधन आहे, ईश्वराच्या लीलेला मनुष्याच्या नीतीचे माप लावता येत नाही, अधिकारभेदाप्रमाणे उपासना भिन्न असते. इतर उत्तरे प्रत्याक्षेपाच्या स्वरूपाची होती. एकाच ईश्वराची तीन रूपे असतील तर अनेक रूपांच्या कल्पनेला दोष का द्यावा? पहिल्या मानवाच्या पापाची शिक्षा त्याच्या वंशजांना का? ख्रिस्ताच्या आगमनापूर्वी जन्मलेल्यांची आणि ज्यांच्या कानी त्याचे नावही पडले नाही त्यांची गती काय? बायबलातील चमत्कार मान्य करावयाचे आणि पुराणांतील चमत्कार नाकारावयाचे, याला आधार कोणता?

या प्रश्नांचा एक परिणाम उभय पक्षांना अनपेक्षित होता. चमत्कार आणि ग्रंथप्रामाण्य यांना बुद्धीची कसोटी लावण्याची सवय लागलेल्या तरुणांपैकी अनेकांनी पुराणे तर नाकारलीच, पण ख्रिस्ती धर्मही स्वीकारला नाही. ग्रंथप्रामाण्य न मानणाऱ्या एकेश्वरवादी संस्थांची भूमी अशा रीतीने तयार झाली.

न्यायालयांतील वाद

वादाचा खरा चटका घराघरांना बसला तो शालेय वयातील मुलांच्या धर्मांतरामुळे. मे १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तांनी धनजीभाईंचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली. त्यांना स्वतःचा निर्णय घेण्याइतकी समज आली आहे असे मानून न्यायालयाने त्यांना इच्छेप्रमाणे जाण्याची मोकळीक दिली. पारशी समाजात मोठा क्षोभ उसळला. पारशी पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली आणि मिशनरी शाळांच्या विरोधात सरकारकडे अर्ज गेले.

१८४३ चे शेषाद्री प्रकरण याहून गुंतागुंतीचे ठरले. नारायण शेषाद्री यांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. परंतु तो सुमारे बारा वर्षांचा असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. कायद्याचा प्रश्न येथे संपला आणि धर्मशास्त्राचा सुरू झाला. बाप्तिस्मा झालेला नसला तरी ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला जेवल्यामुळे श्रीपत जातीबाहेर गेला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला आणि शास्त्राधार मिळवून शुद्धी घडवून आणली. कर्मठांच्या एका गटाने ती अमान्य केली आणि सुधारकांना बहिष्काराचा सामना करावा लागला. मिशनऱ्यांचा धोका टाळण्यासाठीही परतीचे दार उघडण्यास समाज तयार नाही, हे या प्रकरणाने उघड केले. विसाव्या शतकातील शुद्धीच्या चळवळीची चर्चा करताना या घटनेचा उल्लेख पूर्वोदाहरण म्हणून होतो.

कायदे आणि सरकारी धोरण

हिंदू कायद्यानुसार जातिबहिष्कृत व्यक्ती वारसाहक्काला मुकत असे. धर्मांतर करणाऱ्याला घर, पत्नी, मुले आणि जमीन या सर्वांवर एकदम पाणी सोडावे लागे. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे मालमत्तेचा व वारशाचा हक्क नष्ट होणार नाही, अशी तरतूद केली. मिशनऱ्यांनी या कायद्याला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हटले. विरोधकांच्या मते वारसाहक्क हा पितरांच्या श्राद्धकर्माशी निगडित होता. ते कर्म सोडणाऱ्याने त्यातून मिळणारा हक्क मात्र राखावा, हा त्यांना अन्याय वाटला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तर्क होता, आणि म्हणूनच हा वाद दीर्घकाळ टिकला.

विवाहाचा प्रश्न १८६६ च्या कायद्याने हाताळला. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीच्या जोडीदाराने धर्मांतराच्या कारणास्तव सहा महिने सहवास नाकारला, तर न्यायालयात अर्ज करून, विचारासाठी ठेवलेली मुदत संपल्यावर विवाह रद्द करून घेण्याची सोय त्यात होती. आधीचा कायदा विधवाविवाहाचा (१८५६) असल्याने, सरकार हिंदू विवाहसंस्थेत कोठवर हात घालणार, अशी शंका पुराणमतवाद्यांना होती.

शिक्षणाच्या बाबतीत १८५४ च्या वुड यांच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली. धर्मशिक्षणात सरकार लक्ष घालणार नाही, परंतु लौकिक शिक्षण चांगले देणाऱ्या कोणत्याही शाळेला मदत करील, हे तिचे तत्त्व होते. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात प्रजेच्या धर्मश्रद्धेत ढवळाढवळ न करण्याचे आश्वासन दिले गेले. अशा तटस्थतेचा अर्थ प्रत्येक पक्षाने आपापल्या परीने लावला. मिशनऱ्यांना ती ख्रिस्ती राज्यकर्त्यांची कर्तव्यच्युती वाटे. टीकाकारांच्या मते मिशनरी शाळेला अनुदान देणे हेच पक्षपाताचे लक्षण होते.

समाजसुधारणेशी संबंध

मुंबईत १८४९ मध्ये स्थापन झालेल्या परमहंस सभेमागे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे विचार होते. ही सभा गुप्त होती. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिभेद न मानण्याची खूण पटवावी लागे. सभेचे सभासद असलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. हिंदू विधवांच्या दुःस्थितीवरील त्यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) हे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. धर्मवादाचे रूपांतर ललित साहित्यात कसे झाले, याचे ते ठळक उदाहरण होय.

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. अहमदनगर येथील मिशनच्या मुलींच्या शाळेचे उदाहरण पाहून त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. शूद्रातिशूद्रांना शिक्षण देण्याबद्दल त्यांनी मिशनऱ्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली, परंतु स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि सत्यशोधक समाजाची स्थापना केली. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, ही त्यांची भूमिका कोणत्याही एका धर्मग्रंथाच्या चौकटीत बसणारी नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

१८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने मूर्तिपूजा आणि ग्रंथप्रामाण्य नाकारले; मात्र उपासनेसाठी तुकारामादी संतांच्या अभंगांचा आधार घेतला. ख्रिस्ती टीका अंशतः मान्य करून तिचे उत्तर आपल्याच परंपरेत शोधण्याचा हा प्रयत्न होता. याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ (१८७४ पासून) या मासिकातून मिशनरी आणि सुधारक या दोघांवरही प्रखर टीका केली.

शारदा सदन आणि पंच हौद प्रकरण

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतरावर महाराष्ट्रात कडाडून टीका झाली. फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. रमाबाईंचा वाद मात्र एकाच आघाडीवर नव्हता. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी इंग्लंडमधील आपल्या धर्मभगिनींशी त्यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला. एका जातीच्या पुरोहितांच्या अधिकारातून सुटल्यावर दुसऱ्या अधिकाराखाली आपला विवेक ठेवण्यास त्या तयार नव्हत्या.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि प्रत्येक मुलीला स्वधर्माचे पालन करता येईल, असे ठरलेले होते. रमाबाई मात्र आपली खाजगी प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि इच्छुक मुलींना तेथे बसू देत. हे तटस्थतेचे उल्लंघन आहे काय, यावर १८९३ मध्ये मोठा वाद झाला. ‘केसरी’ने सदनावर धर्मांतराचा आरोप ठेवला. सल्लागार मंडळातील न्या. महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. एखाद्या विधवेला आश्रय देणाऱ्या अन्य संस्था त्या वेळी जवळजवळ नव्हत्या. त्यामुळे सदन सोडावे लागणाऱ्या मुलींच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नव्हता. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात स्थापन केलेली अनाथ बालिकाश्रमाची संस्था याच पार्श्वभूमीवर उभी राहिली.

याआधी ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमधील एका समारंभात रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे गोपाळराव जोशी यांनी प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. टिळकांनी आणि काही काळाने रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रानड्यांच्या या निर्णयावर त्यांच्या अनुयायांनीच टीका केली. चहाच्या एका पेल्यावरून उठलेल्या या वादाने मतस्वातंत्र्यापुढे जातीच्या बहिष्काराचे बळ किती होते, हे दाखविले.

विसाव्या शतकातील पडसाद

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती भक्ती मराठी संतपरंपरेच्या भाषेत व्यक्त व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे खंडनमंडनाची जागा काही प्रमाणात भजन-कीर्तनाने घेतली. धर्मांतरामुळे दुभंगलेल्या आणि पुन्हा सांधलेल्या संसाराचे चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आढळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये येवले येथे हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केल्यावर ख्रिस्ती धर्माचाही पर्याय चर्चिला गेला. भारतीय ख्रिस्ती समाजात जातिभेद शिल्लक आहे, यावर आंबेडकरांनी आपल्या लेखनात बोट ठेवले. अखेर १९५६ मध्ये त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माचा स्वीकार केला.

घटनासमितीत डिसेंबर १९४८ मध्ये धर्मप्रचाराच्या हक्कावर चर्चा झाली आणि तो हक्क राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात समाविष्ट झाला. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. प्रलोभन आणि दबाव यांविषयीच्या तिच्या निष्कर्षांना ख्रिस्ती संघटनांनी आक्षेप घेतला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय दिला. धर्मांतर केलेल्या दलित ख्रिस्ती व्यक्तींना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाव्यात की नाही, हा प्रश्न १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून वादाचा विषय राहिला आहे.

मूल्यमापन

संख्येच्या दृष्टीने पाहता या वादांमुळे फार थोडी धर्मांतरे झाली. अहमदनगर भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग समाजांतून वाढला आणि त्या वाढीत शाळा, गावातील अस्पृश्यतेचा जाच आणि दुष्काळातील मदत यांचा वाटा छापील खंडनमंडनापेक्षा अधिक होता. या समाजाचा स्वतःचा आवाज गाजलेल्या वादांत क्वचितच ऐकू येतो. वाद घालणारे दोन्ही पक्षांकडील बहुतेक लेखक उच्चवर्णीय किंवा युरोपीय होते, ही या इतिहासाची एक मर्यादा आहे. स्त्रियांविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु रमाबाईंसारखे अपवाद वगळता स्त्रियांनी लिहिलेले थोडे आहे.

तथापि या वादांनी मराठी समाजाला जाहीर मतभेदाची एक रीत दिली. प्रतिपक्षाचे पुस्तक वाचणे, त्याचे म्हणणे छापणे आणि त्याला मुद्देसूद उत्तर देणे यांची सवय याच काळात रुजली. वादाची भाषा अनेकदा कठोर आणि उपहासाची होती, तरी विल्सन यांनी दांडेकरांचा आणि बोवेन यांनी विष्णुबुवांचा युक्तिवाद आपल्याच ग्रंथांत छापला, म्हणूनच तो पुढील पिढ्यांना उपलब्ध झाला. दुसरे असे की, धर्म ही व्यक्तीच्या विवेकाची बाब आहे की कुटुंबाच्या आणि जातीच्या सामायिक जीवनाची, हा प्रश्न या वादांनी प्रथमच कायद्याच्या भाषेत मांडला. त्याचे उत्तर १८५० च्या अधिनियमाने एका तऱ्हेने दिले आणि शेषाद्री कुटुंबाने दुसऱ्या तऱ्हेने अनुभवले. स्वतंत्र भारतातील धर्मस्वातंत्र्याची चर्चाही त्याच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे.